करडाचा धडा

माझी पुतणी मला कधी लिहून निरोप पाठवत नाही. मोबाइलवर बोट दाबून धरते, बोलते आणि पाठवून देते. गेल्या आठवड्यात तिचा असाच एक निरोप आला. तिची लेक पहिलीला आहे, वाचताना अडखळते, मास्तर तक्रार करतात. दिवाळीच्या सुटीत पंधरा दिवस तिला माझ्याकडं ठेवली तर शिकवाल का, असं ती विचारत होती. शेवटी म्हणाली, "तुमी मला शिकवायच्या ना मोठी आई, तसंच हिलाबी शिकवा."

मी फोन पालथा ठेवला आणि लसूण सोलायला बसले. फोडणीला दोन पाकळ्या लागत होत्या, मी तीन गड्डे सोलले. तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं, कारण टोमण्याला उलट टोमणा मारण्यात मी पहिल्यापासून तरबेज आहे. ती मनापासून बोलत होती, म्हणून मला तोंड लपवावंसं वाटलं.

ही गोष्ट वीस-बावीस वर्षांपूर्वीची. मी डी.एड. झालेली सून. नोकरी लागली नव्हती आणि पुढंही लागली नाही, पण गाव मला मास्तरीणबाई म्हणायचं आणि मला ते आवडायचं. आमचं गाव बीड जिल्ह्यातल्या डोंगरपट्ट्यातलं. माजलगावच्या धरणाचं पाणी आणि तिकडचा हिरवागार ऊस आम्ही एसटीच्या खिडकीतून बघायचा. त्या साली दुष्काळाचं सलग दुसरं वर्ष होतं. विहिरींचे तळ दिसत होते, टँकर एक दिवसाआड यायचा आणि तोही त्याच्या मर्जीनं.

माझे मालक गावच्या सहकारी दूध संस्थेचे सचिव होते. चारा नाही तर दूध कुठलं, त्यामुळं लोक कॅन अर्धे-मुर्धे घेऊन यायचे, पण संध्याकाळी संस्थेच्या ओट्यावर गर्दी मात्र पूर्वीइतकीच. गावातला एकुलता एक फोन संस्थेच्या खिडकीत होता. आणि त्याच ओट्यावर, दूध घालायच्या वेळेला, मी मुलींना वाचायला घेऊन बसायची. घरी अंधार असतो, इथं बल्ब आहे, असं मी सांगायची. खरं कारण असं की इथं बघायला माणसं होती.

मुली दोन. एक माझी, एक धाकट्या दिरांची. दोघी दुसरीत, दोघींमध्ये चार महिन्यांचं अंतर. माझी लेक बोलायला लागली तीच वाचायला लागल्यासारखी. पुतणी गप्प, हसरी आणि अक्षरांच्या बाबतीत फार सावकाश.

दसरा झाला की आमचं निम्मं गाव ऊस तोडायला घाटाखालच्या साखर कारखान्यांवर जायचं. नवरा-बायकोची जोडी म्हणजे एक कोयता, असा तिथला हिशेब. दीर-जाऊ दरवर्षी जायचे आणि मुलीला बरोबर न्यायचे, त्यामुळं पहिलीचं तिचं वर्ष उसाच्या फडातच गेलं होतं. त्या वर्षी जावेला दुसरी मुलगी झाली होती, जेमतेम तीन महिन्यांची. आई-बाप फडात असताना कोपीवर, म्हणजे तिथल्या पाचटाच्या झोपडीत, तान्हीला कुणीतरी सांभाळायला हवं, म्हणून दिरांचं म्हणणं की थोरलीला पुन्हा न्यायची. जाऊ माझ्या स्वयंपाकघरात येऊन उभी राहिली. चकलांब्याकडची ती, कमी बोलायची, पण त्या दिवशी भरभर बोलली. तान्हीला ती पाठीशी बांधून ऊस तोडील, झोळी बांधील, काहीही करील, पण थोरली माझ्यापाशी राहू द्या, असं म्हणाली. दिरांनी अट घातली होती. आपण पाडव्याला परत येऊ तोवर पोरीला धडाधडा वाचता आलं, तर ती कायमची इथं राहील आणि शिकेल. नाही आलं तर पुढच्या दसऱ्यापासून आपल्याबरोबर.

"आक्का, तुमच्या हातात हाय आता," ती म्हणाली.

मी काय म्हणाले ते मला अक्षरशः आठवतं. म्हणाले, दुसरीचं पोरगं वाचायला शिकवायला काय लागतं, सहा महिने म्हणजे डोंगर झाले. माझ्याकडं डी.एड.चा कागद होता ना.

सुरुवात मी चांगली केली. नाही म्हणायला इतकं तरी माझ्या बाजूनं सांगते. ज्वारीच्या कणसाचे दाणे मांडून अक्षरं काढायची, संस्थेची पाटी वाचायची, टँकरवरचं 'पिण्याचे पाणी' वाचायचं. पुतणी सगळं मन लावून करायची, पण तिला वेळ लागायचा. एका शब्दापाशी ती थांबायची, ओठ हलवायची, बोट अक्षराखाली ठेवून आत कुठंतरी शोधत बसायची. ती शोधत असताना वाट बघायची, एवढंच माझं काम होतं. पण मला दम कुठला. मी तोंडाशी आलेला शब्द टाकून मोकळी व्हायची, नाहीतर माझी लेक तिच्या आधी ओरडायची, आणि मी लेकीकडं कौतुकानं बघायची. आपला तो बाब्या म्हणतात ते खोटं नाही, माझी तर बाबी होती.

आणि टँकर. तो यायचा संध्याकाळीच, कधी पाचला, कधी सातला. घागरी दुपारपासून ओळीनं मांडून ठेवायच्या आणि तिथं कुणीतरी बसायचं, नाहीतर शेजारीण बिनदिक्कत आपली घागर पुढं सरकवते. आमच्या घागरींपाशी कुणाला बसवायचं? पहिल्या आठवड्यात दोघी आळीपाळीनं बसल्या. मग एकदा माझ्या लेकीची कविता राहिली होती, म्हणून पुतणीला म्हटलं, आज तू बस. मग परवा पण तूच बस. ती कधी नाही म्हणाली नाही. बघता बघता ठरून गेलं की टँकरच्या दिवशी पुतणी घागरींपाशी आणि माझी लेक ओट्यावर पुस्तकापाशी. मी मनाला समजावलं की हिचं पुस्तक तसंही पुढं सरकत नाही, निदान घागर तरी सरकू दे. हे वाक्य मी मालकांनाही ऐकवलं होतं, विनोद म्हणून. ते हसले नाहीत. पण मला थांबवलंही नाही.

कारखान्याच्या गावात आठवड्याचा बाजार असला की तोडणारी माणसं बाजाराला जातात. जाऊ तिथल्या बूथवरून संस्थेत फोन करायची. संध्याकाळची वेळ, मागे बाजाराचा गलका. पहिल्या दोन-तीन वेळेला तिनं फक्त पोरीचा आवाज ऐकला. नंतर एकदा म्हणाली, तिला वाचायला लावा की, मला ऐकायचंय.

ओट्यावर दहा-बारा माणसं होती. संस्थेचे चेअरमनही होते. मी पुस्तक उघडलं, धडा होता करडाचा. करडू घरातून निघतं, ओढ्यावर जातं, तिथं त्याला आपलंच रूप दिसतं, अशी काहीतरी गोष्ट. पुतणीनं पहिला शब्द वाचला, दुसऱ्याला अडली. ओठ हलायला लागले. ओट्यावर सगळे गप्प झाले होते, फोनमध्ये जाऊ गप्प होती. कुणीतरी खाकरलं. मला वाटलं, सगळे माझ्याकडं बघतायत. मास्तरीणबाईंनी तीन महिने काय केलं म्हणून बघतायत.

मी पोरीला मांडीवर घेतलं. एका कानाला तिच्या फोन होता. दुसऱ्या कानाशी मी तोंड नेलं आणि पुढचं वाक्य हळूच सांगितलं. ती बोलली. मी पुढचं सांगितलं, ती तेही बोलली, छान, खणखणीत. बोट मात्र पहिल्याच ओळीवर राहिलं होतं, म्हणून मी कानात म्हटलं, "बोट फिरव, लोकं बघायलेत." तिनं बोट फिरवलं. धडा संपला तेव्हा चेअरमन वाहवा म्हणाले आणि फोनमध्ये जाऊ रडत होती.

खोटं बोलताना पहिल्यांदाच काय ते जड जातं. पुढच्या बाजाराला मला जडही गेलं नाही. मी मनाशी ठरवलं होतं की हे तात्पुरतं आहे, माघ संपेपर्यंत पोर खरंच वाचायला लागेल, मग कुणाला काय कळतंय. झाकली मूठ. पण ज्या वेळात शिकवायचं त्या वेळात ती घागरींपाशी बसलेली असायची, आणि बाजाराच्या दिवशी माझ्या मांडीवर. करडाचा धडा तिला हळूहळू पाठ झाला, मग तर माझं काम आणखी सोपं झालं. नुसता वाक्याचा पहिला शब्द कानात टाकायचा. जाऊ दर खेपेला तोच धडा मागायची. तोडीवरच्या बायका तिच्याभोवती बूथवर उभ्या राहायच्या आणि रिसिव्हर एकमेकींच्या कानाला लावायच्या. त्यांतल्या कितींची लेकरं त्या वेळी कोपीवर होती कुणास ठाऊक. चेअरमननी तर पुतणीला नवी पाटी घेऊन दिली. ती तिनं छातीशी धरली आणि माझ्याकडं बघून हसली. त्या हसण्यात आम्हा दोघींचं गुपित होतं असं मला तेव्हा वाटलं. आता वाटतं, तिला तर वाचणं यालाच म्हणतात असं वाटत होतं.

त्या वर्षी ऊसच कमी, कारखाने लवकर बंद झाले आणि पाडव्याच्या आधीच माणसं परतली. दीर-जाऊ ट्रकमधून उतरले ते संस्थेपाशीच. दूध घालायची वेळ, ओटा भरलेला. जाऊ वाळून काडी झालेली, कडेवर तान्ही, हातांना उसाच्या पाचटाचे काप. तिनं पोरीला जवळ ओढलं आणि नवऱ्याकडं अशा तोऱ्यात बघितलं की मी तिला तशी कधी पाहिली नव्हती. म्हणाली, आता बघा तुमच्या पोरीचं.

दिरांनी पुस्तक घेतलं. त्यांना स्वतःला वाचता येत नव्हतं. त्यांनी सहज पानं चाळली आणि करडाच्या पुढचं कुठलंतरी एक पान उघडून तिच्यापुढं धरलं.

पुतणीनं पानाकडं बघितलं. मग तिनं कानावरचे केस मागे सारले आणि तो कान माझ्याकडं केला.

एवढंच केलं तिनं. पानावर बोट ठेवून, मान जराशी कलती करून, माझा आवाज येईल म्हणून थांबली. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. वीस-पंचवीस माणसं होती. मला तेव्हा सांगता आलं असतं की भावजी, चूक माझी आहे, पोरीला मी शिकवलंच नाही, तिला मी घागरींपाशी बसवलं, मला अजून एक वर्ष द्या. त्यांनी दिलं असतं. ते वाईट नव्हते. थोडीशी बेअब्रू झाली असती, चार दिवस बायका हसल्या असत्या.

मी म्हणाले, "लई सांगितलं मी. तिचं ध्यानच नसतं."

पुतणीनं केस पुन्हा कानावर ओढून घेतले. ती रडली नाही, काही बोललीही नाही. फोनवर मोठी आई कानात सांगायची, एवढं एक वाक्य तिनं बोलायचं होतं आणि माझी मूठ उघडी पडली असती. सात वर्षांच्या पोरीनं मला सांभाळून घेतलं. दिरांनी पुस्तक मिटलं आणि म्हणाले, जाऊ द्या वहिनी, न्हाई एकेकाच्या डोक्यात शिरत, तुमी तरी काय करणार. ओट्यावरच्या लोकांनी माना हलवल्या. माझ्याबद्दल सगळ्यांना सहानुभूती वाटली. जाऊ मात्र माझ्याकडं बघत राहिली. मला वाटलं, लेकीचं वाईट वाटतंय तिला.

त्यानंतरचे सहा महिने मी तिला शिकवू शकले असते. दसरा लांब होता. पण ती समोर आली की मला तिचा तो कान दिसायचा, आणि मी काहीतरी काम काढून आत जायची. माणूस ज्याचा गुन्हेगार असतो त्याच्यावरच चिडतो. मी तिच्यावर उगाच डाफरायलाही लागले होते. पाऊस बरा झाला, टँकर बंद झाला, घागरींपाशी बसायचं कारण राहिलं नाही, तरी मी तिला ओट्यावर बोलावलं नाही.

दसऱ्यानंतर ती गेली. ट्रकमध्ये सामानावर बसून, मांडीवर धाकटी बहीण, बगलेत चेअरमननी दिलेली पाटी.

त्या वर्षीही बाजाराच्या दिवशी जावेचा फोन यायचा, पण मालकच घ्यायचे. संक्रांतीच्या आसपास एकदा ते तालुक्याला गेले होते. संध्याकाळी फोन वाजला, ओट्यावरच्या कुणीतरी हाक मारली, मला उठावं लागलं. पलीकडं पुतणी होती. तिनं सगळ्यांची चौकशी केली, माझ्या लेकीची केली. मी विचारलं, दिवसभर काय करतेस. म्हणाली, कोपीवर सहा लेकरं हायेत, त्यांची म्या शाळा भरवती. पुस्तक आहे का, विचारलं. नाही, पण पाटी आहे आणि करडाचा धडा येतो ना. "दावू कशी शिकवती? ही कडेवरच हाय बघा," ती म्हणाली.

मग तिचा आवाज एकदम बारीक झाला. ती धाकटीच्या कानात बोलत होती. एक होतं करडू, ती कुजबुजली. पलीकडून बोबडं 'कलू' ऐकू आलं. करडू ओढ्यावर गेलं. 'गेलं.' आणि मग, त्याच सुरात, धड्यातलंच पुढचं वाक्य असावं तसं, तिनं बहिणीच्या कानात सांगितलं, "बोट फिरव, लोकं बघायलेत."

मला सगळं स्पष्ट ऐकू येत होतं. बाजाराचा गलका होता, लाइनीत खरखर होती, तरी ती कुजबुज मला शब्द न् शब्द ऐकू येत होती. तिकडचं इकडं असं ऐकू येतं, तर तेव्हा इकडचं तिकडं ऐकू येत नसेल का?

पुतणीच्या हातून फोन जावेनं घेतला. तिनंच विचारलं, "आलं का ऐकू?"

"आलं," मी म्हणाले.

"मलाबी यायचं, आक्का. पैल्या दिसापासून. मला वाटायचं, तुमी शिकवायलात. बायकांनाबी म्या तसंच सांगायची, माझी जाऊ बघा कशी कानात बोलून बोलून शिकवती पोरीला." मागून कुणीतरी बूथवाला घाई करत होता. "मंग त्या दिशी तुमी म्हणलात, तिचं ध्यान न्हाई. मला म्हाईत व्हतं, ध्यान व्हतं तिचं. पण चार मानसांत तुमचं नाव कावून खराब करावं म्हून गप बसले."

ती चिडून बोलली नाही. बाजारात आज वांगी चांगली आहेत, असं सांगावं तशा आवाजात बोलली. आणि मग वाट बघत राहिली. मी काहीतरी बोलेन म्हणून वाट बघत होती, हे मला कळत होतं. मी चुकले, एवढं म्हणायचं होतं. पुढच्या गाडीनं पोरीला पाठव, म्हणायचं होतं.

ओट्यावर लोक होते. कॅन घेऊन सात-आठ माणसं खिडकीपाशी उभी होती आणि त्यांतले दोघे माझ्या तोंडाकडं बघत होते. मी म्हणाले, बरं, तब्येतीला जपा, आणि फोन ठेवला.

पुतणी पुन्हा शाळेत गेली नाही. पुढं ऊस तोडणाऱ्याच पोराशी तिचं लग्न झालं, आणखी एक कोयता झाला. माझी लेक पुण्यात नोकरी करते, तिचं सगळं छान आहे. जाऊ माझ्याशी अजूनही पहिल्यासारखीच वागते, आणि तेच मला सोसत नाही. संस्था कधीच बुडाली, खिडकीतला फोन गेला, ओटा मात्र तसाच आहे. तिथं आता संध्याकाळी कुत्री बसतात.

लसूण सोलून झाल्यावर मी फोन सुलटा केला. लिहून पाठवण्यात अर्थ नव्हता, म्हणून तिच्यासारखंच बोट दाबून धरलं आणि बोलले. म्हणाले, लेकीला घेऊन ये. तिला मी घाई करणार नाही, तिच्या कानात बोलणार नाही. पण आधी तू माझ्यासमोर बस, तुला मी शिकवलंच नव्हतं, ती चूक माझी होती, ती मला आता भरून काढू दे. या वेळी ओट्यावर कुणी नव्हतं, स्वयंपाकघरात मी एकटी होते, म्हणूनच बोलता आलं, हेही मला कळत होतं.

तिचं उत्तर लगेच आलं. ती हसत होती.

"असं कावून म्हनता मोठी आई," ती म्हणाली. "शिकवलं की तुमी. करडाचा धडा आजून पाठ हाय मला."